पंखा फिरतो, पण डिस्प्ले नाही

कोकणातल्या एका तालुक्याच्या गावात मी संगणक दुरुस्त करतो. जुना डेस्कटॉप घेऊन येणारा माणूस कॅबिनेट टेबलावर ठेवतो आणि बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "दादा, पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही." ते यंत्र छापखान्याचं असतं. त्यात मराठी फॉन्टचं जुनं सॉफ्टवेअर असतं आणि त्याचं डोंगल पॅरलल पोर्टाशिवाय कुठेच बसत नाही. किंवा ते एखाद्या पतसंस्थेचं असतं, देणगीतून मिळालेलं शाळेचं असतं, नाहीतर निवृत्त गुरुजींचं असतं आणि नातवंडांचे सगळे फोटो त्याच एका डिस्कवर असतात. अशा माणसाला "आता नवीनच घ्या" म्हणणं सोपं आहे, पण त्याचं काम त्या जुन्या यंत्रातच अडकलेलं असतं. त्यातली बरीच यंत्रं थोड्या खर्चात उभी राहतात. "बोर्ड गेला" हा निकाल आमच्या धंद्यात फार लवकर दिला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हाताखालून गेलेल्या यंत्रांनी जे शिकवलं ते इथे मांडतो.

१. बटण दाबल्यापासून पडदा उजळेपर्यंत आत काय घडतं, ते क्रमाने पाठ असू द्या.

प्लग लावला की एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, जांभळ्या वायरवर ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा बोर्डाला मिळतो. तुम्ही बटण दाबता, तेव्हा बोर्ड हिरवी वायर जमिनीला जोडतो आणि मुख्य पुरवठा सुरू होतो. पंखे इथेच फिरू लागतात. सगळी व्होल्टेज जागेवर आली की एसएमपीएस करड्या वायरवरून 'पॉवर गुड' कळवतो. गार्डाची हिरवी झेंडी दिसल्याशिवाय गाडी सुटत नाही, तसा हा संकेत येईपर्यंत बोर्ड प्रोसेसरला रीसेटमध्ये धरून ठेवतो. संकेत मिळाला की प्रोसेसर बायोस वाचायला लागतो, रॅम शोधतो, मग डिस्प्लेचा भाग जागा करतो आणि त्यानंतरच पडद्यावर पहिलं अक्षर उमटतं. विंडोज आणि हार्ड डिस्क यांची पाळी अगदी शेवटी येते.

म्हणजे पंखा फिरतो यावरून एवढंच कळतं की दुसरी पायरी पार पडली आहे. पुढच्या कुठल्या पायरीवर यंत्र थांबलं, हे शोधणं म्हणजेच दुरुस्ती. हा क्रम डोक्यात असला की दिसेल तो भाग बदलत सुटायची वेळ येत नाही.

२. कॅबिनेटचा स्क्रू काढण्याआधी मॉनिटरशी बोला.

मॉनिटर वेगळा चालू करा. 'नो सिग्नल' किंवा 'चेक केबल' अशी अक्षरं आली तर मॉनिटर जिवंत आहे, त्याला समोरून काही मिळत नाहीये. 'आउट ऑफ रेंज' आलं तर ती आनंदाची बातमी समजा, कारण संगणक पूर्ण चालू आहे आणि कोणीतरी रेझोल्यूशन किंवा रिफ्रेश रेट मॉनिटरला पेलवणार नाही इतका वाढवला आहे. सेफ मोडमध्ये जाऊन तो कमी केला की काम झालं.

निळ्या तोंडाच्या व्हीजीए केबलमध्ये १५ पिना असतात. केबल वाकडी घुसवली की त्यातली एखादी आडवी होते. काही केबलींत कारखान्यातूनच एक पिन नसते, त्यामुळे रिकामी जागा दिसली म्हणून घाबरू नका, वाकलेली पिन शोधा. मागे डिस्प्लेची दोन तोंडं असतील, एक बोर्डाचं आणि एक खाली आडव्या बसवलेल्या ग्राफिक्स कार्डाचं, तर केबल कार्डाला लावा. कार्ड बसवलं की बहुतेक जुन्या बोर्डांचं स्वतःचं तोंड बंद होतं. घराची साफसफाई करताना केबल काढली आणि परत लावताना ती वरच्या तोंडाला गेली, या एवढ्या कारणासाठी माणसं रिक्षा करून यंत्र घेऊन येतात.

मग कीबोर्डवरचं नम लॉक दाबून बघा. दिवा लागत-विझत असेल तर आतली गाडी सुरू आहे आणि दोष डिस्प्लेच्या बाजूला आहे. दिवा ढिम्म असेल तर यंत्र त्याआधीच कुठेतरी अडलं आहे. या एका बटणाने निम्मा शोध संपतो.

३. डिस्प्ले नाही म्हणून कोणालाही विंडोज टाकू देऊ नका.

हे मी जितक्या आग्रहाने सांगतो तितकं दुसरं काही सांगत नाही. हार्ड डिस्क काढून ठेवली तरी निरोगी संगणक पडद्यावर कंपनीचं चिन्ह दाखवतो आणि बूट करायला काही सापडलं नाही असं लिहितो. ज्या यंत्रावर पहिलं अक्षरच उमटत नाही, त्याच्या काळोखाशी विंडोजचा संबंध नाही. तरीही "फॉरमॅट मारून बघू" म्हणणारे भेटतात आणि कोणाचे वर्षानुवर्षांचे हिशेब, कोणाच्या लग्नाचे फोटो पुसले जातात.

मी यंत्र हातात घेतलं की पहिल्यांदा डिस्कची केबल काढतो. साटा ते यूएसबीचा अडॅप्टर लावून दुसऱ्या संगणकावर डिस्क उघडते का ते पाहतो आणि मालकाला त्याचे फोल्डर दाखवतो. नंतर दुरुस्ती दोन दिवस लांबली तरी कोणी कुरकुरत नाही, कारण त्याचा जीव जिथे अडकलेला असतो ती गोष्ट त्याने डोळ्यांनी पाहिलेली असते.

४. आमच्या भागात पहिला संशय रॅमवर घ्या.

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी संपर्कांवर आणि स्लॉटच्या पात्यांवर सूक्ष्म थर बसतो आणि विजेची वाट तुटते. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेला चार्ज उतरेल, हात कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला लावा. दोन्ही खिट्ट्या उघडून पट्टी काढा. शाळेतल्या पांढऱ्या मऊ खोडरबराने सोनेरी दात दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने पुसा. खरखरीत निळा रबर नको, सँडपेपर तर मुळीच नको, सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो. रबराचा चुरा ब्रशने झाडा, स्लॉटमध्ये ब्लोअरची हवा मारा आणि पट्टी बसवताना दोन्ही खिट्ट्यांचा 'टक' असा आवाज ऐका. एका बाजूने अर्धवट बसलेली पट्टी लांबून अगदी नीट दिसते.

एवढ्याने झालं नाही तर एकच पट्टी ठेवा आणि ती प्रत्येक स्लॉटमध्ये लावून बघा. मग दुसरी. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर यंत्र चालू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही आणि दोष आठवड्याने परत येतो.

बाजारातून पट्टी आणताना दोन गोष्टी सांभाळा. डीडीआर२ आणि डीडीआर३ दोन्हींना २४० संपर्क असतात, पण एकीला १.८ व्होल्ट लागतात, दुसरीला १.५, आणि मधली खाच वेगवेगळ्या जागी असते. जोर करून कोणतीच बसवू नका. दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाही. जी४१ चिपसेटचे बोर्ड आपल्याकडे भरपूर विकले गेले. त्यांच्या डीडीआर३ आवृत्तीला ४ जीबीची ती पट्टी चालते, जिच्यावर दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपा आहेत. ८ चिपांची नवी पट्टी त्या चिपसेटला वाचता येत नाही. पट्टी चांगली, बोर्ड चांगला, तरी पडदा काळा, आणि दोष बोर्डाच्या माथी मारला जातो. "ह्याच पट्टीवर शेजारचा पीसी चालतो हो," असं गिऱ्हाईक म्हणतं आणि ते खरंच असतं.

५. बझर लावा आणि कान द्या.

फ्रंट पॅनेलच्या पिनांजवळ 'स्पीकर' असं लिहिलेल्या चार पिना असतात. तिथे बसणारा काळा छोटा बझर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत अगदी स्वस्तात मिळतो. नव्या कॅबिनेटांतून तो गायब झाला आणि यंत्रं मुकी झाली.

अवॉर्ड बायोसच्या बोर्डावर एक लांब आणि दोन छोटे आवाज आले तर डिस्प्ले कार्डाकडे वळा. लांब आवाज थांबून थांबून येतच राहिले तर रॅमकडे. एएमआय बायोसमध्ये एक ते तीन छोटे आवाज रॅमशी जोडलेले असतात, आठ आवाज डिस्प्लेच्या मेमरीशी. बोर्डागणिक थोडा फरक पडतो, तेव्हा बोर्डाचं मॅन्युअल मिळालं तर तेच प्रमाण माना.

सगळ्यात उपयोगी चाचणी याहून साधी आहे. सगळ्या रॅम काढून टाका आणि यंत्र चालू करा. बझरने आरडाओरडा केला तर प्रोसेसर चालतो आहे, बायोस वाचला जातो आहे, बोर्डाचा मोठा भाग शाबूत आहे. रॅम नसतानाही बझर गप्प राहिला तर दोष त्याआधीच्या पायऱ्यांत, म्हणजे पुरवठ्यात, प्रोसेसरमध्ये किंवा बोर्डात आहे. "बोर्ड गेला" म्हणण्याआधी ही चाचणी केलीच पाहिजे, असं माझं दुकानातल्या पोरांना सांगणं आहे. पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं डीबग कार्ड जवळ असेल तर आणखी सोपं. त्याच्या दोन अंकी खिडकीत अवॉर्ड बायोसचा सी१ अडकून राहिला तर गाडी रॅमपाशी थांबली आहे. नुसता ०० किंवा एफएफ राहिला तर बहुधा प्रोसेसरने पहिली ओळही वाचलेली नाही.

६. सीमॉसचा सेल बदला, मग पुढे जा.

सीआर२०३२, ३ व्होल्टचा. मीटरवर अडीचच्या खाली दाखवत असेल तर टाकून द्या. सेल मेला की बहुतेक बोर्ड तारीख विसरतात एवढंच होतं, पण काही जुने बोर्ड अर्धवट पुसलेल्या सेटिंग्जवर अडून बसतात. प्लग काढून क्लिअर सीमॉसचा जंपर काही सेकंद दुसऱ्या जोडीवर ठेवायचा आणि परत जागेवर आणायचा. ओव्हरक्लॉकिंगच्या हौसेने अंधार पडला असेल तर तोही इथेच उजळतो.

७. एसएमपीएसचा पंखा फिरतो यावर विश्वास ठेवू नका, मीटर लावा.

पंख्याला फक्त १२ व्होल्ट पुरतात. प्रोसेसरला आणि बोर्डाला मात्र पिवळ्यावर १२, लालवर ५ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट लागतात, आणि तेही पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे पिवळी वायर ११.४ च्या खाली जाता कामा नये, लाल ४.७५ च्या खाली. २४ पिनांचा कनेक्टर बोर्डात असतानाच मागच्या बाजूने मीटरची काडी घालून माप घ्या. बाहेर काढून हिरवी आणि काळी वायर जोडली की पंखा फिरतो, पण भार नसताना आजारी एसएमपीएसही बरोबर आकडे दाखवतो. करड्या वायरवर ५ व्होल्टच्या आसपास काही येतच नसेल तर पहिल्या मुद्द्यातला 'पॉवर गुड' निघालेलाच नाही. मग प्रोसेसर रीसेटमध्येच बसून राहणार, पंखे कितीही फिरोत.

प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनी कनेक्टर पाहा, दोन पिवळ्या, दोन काळ्या. पेंटियम ४ च्या काळात तो आला. तो निसटला असेल तर पंखे फिरतात, दिवे लागतात आणि डिस्प्ले येत नाही. लागलेला असला तरी काढून बघा, कधी आतलं प्लास्टिक तपकिरी झालेलं असतं.

जुन्या एसएमपीएसवर मागे २३० आणि ११५ चा लाल खटका असतो. आपल्याकडे तो २३० वरच हवा. ११५ वर सरकला तर धडाम आवाज आणि धूर. एसएमपीएस उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत मात्र घरी पडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३०० व्होल्टच्या वर चार्ज असतो आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ राहतो. जुन्या काचेच्या, म्हणजे सीआरटी मॉनिटरचं झाकण तर उघडायचंच नाही. त्यातल्या नळीवर वीस हजार व्होल्टांहून जास्त असतात.

८. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर मांडा.

एवढं करून अंधार असेल तर बोर्ड कॅबिनेटमधून काढा. प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, एसएमपीएस आणि मॉनिटर, बाकी सगळं बाजूला. डीव्हीडी, पुढचे यूएसबी, साउंड कार्ड काही नको. पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवून यंत्र चालू करा. इथे डिस्प्ले आला तर बोर्ड निर्दोष, दोष कॅबिनेटमध्ये.

आणि कॅबिनेटमध्ये दोष असतो. बोर्डाखाली एखादा सुटा स्क्रू घरंगळलेला असतो, पितळी स्टँडऑफ चुकीच्या भोकात असतो, पालीचं अंडं किंवा मुंग्यांचं वारूळ असतं. सगळ्यात फसवा दोष रीसेट बटणाचा. बटण आत दबून अडकलं की बोर्डाला वाटतं कोणीतरी सतत रीसेट दाबून बसलं आहे. पंखे फिरतात, बाकी काही नाही. रीसेटची दोन पिनांची वायर उपटली की यंत्र जागं होतं. एका ग्रामपंचायतीचा संगणक दोन ठिकाणी "बोर्ड बदला" ऐकून आला होता आणि त्याला एवढंच झालं होतं. त्या ग्रामसेवकांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून आठवतो. दाखले छापायचं काम थांबल्याने लोक रोज दारात येऊन त्यांना बोलत होते.

९. कपॅसिटरची डोकी पाहा.

या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जगभर बनलेल्या असंख्य बोर्डांवर खराब इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर बसले होते. त्या काळातलं यंत्र असेल तर प्रोसेसरभोवतीची छोटी पिंपं आडव्या नजरेने बघा. डोक्यावरचा फुलीचा काप सपाट असायला हवा. फुगला असेल, तपकिरी चिकट काही बाहेर आलं असेल, तर प्रोसेसरला शुद्ध वीज मिळत नाही. लक्षणही ठरलेलं असतं. थंड यंत्र पाच-सहा वेळा बटण दाबल्यावर कधीतरी चालू होतं, गरम झालं की बरं चालतं, आणि मग एक दिवस अजिबात होत नाही.

ही दुरुस्ती माझी सर्वांत आवडती आहे. सहा-सात कपॅसिटर, थोडं कथील आणि तासभराचा संयम एवढ्यावर मेलेला बोर्ड पुन्हा उभा राहतो. मायक्रोफॅरड तेवढेच घ्या, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचे आणि लो ईएसआर जातीचे. साधे कपॅसिटर बसवले तर थोड्याच दिवसांत तेही फुगतात. जुना काढण्याआधी पट्ट्याची बाजू, म्हणजे ऋण टोक, कुठे होतं त्याचा फोटो काढून ठेवा. बोर्डावर छापलेल्या खुणेवर विसंबू नका, सगळे कारखाने रंगवलेली बाजू ऋण धरत नाहीत.

१०. वाळलेली पेस्ट हे नुसत्या अंधाराचं कारण क्वचितच असतं. यंत्र चालू होऊन काही सेकंदांत स्वतः बंद पडत असेल तर प्रोसेसरचा हीटसिंक सुटला आहे का बघा. ७७५ सॉकेटच्या चार प्लास्टिक खुंट्यांपैकी एक तुटलेली असतेच. प्रोसेसर उचललाच तर सॉकेटमधल्या पिनांवर बोट लागू देऊ नका.

११. पुरात बुडालेलं यंत्र चालू करून पाहू नका.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तेव्हा या भागातल्या दुकानांतले किती संगणक चिखलाखाली गेले. बरेच जण घाईने प्लग लावतात आणि वाचणारं यंत्र तिथेच मरतं. वीज नसलेला ओला बोर्ड सहसा वाचवता येतो. सर्वप्रथम सीमॉसचा सेल काढा, कारण ओलाव्यात तेवढी ३ व्होल्टची वीजही तांब्याच्या रेषा खात राहते. चिखल वाळू देऊ नका, स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून काढा आणि काही दिवस पंख्याखाली उभा ठेवून वाळवा. स्लॉटच्या तळाशी पाणी सर्वांत उशिरा सुकतं. एसएमपीएस बदलूनच टाका. हार्ड डिस्कला मात्र घरी वीज देऊ नका. तिच्या झाकणाला हवेचं बारीक छिद्र असतं, त्यातून आत गाळ गेला असेल तर फिरती तबकडी खरवडली जाते. कामाचा डेटा असेल तर ती डेटा रिकव्हरीवाल्याकडेच जायला हवी.

१२. डिस्प्ले आल्यावर लगेच झाकण लावू नका.

बायोसमध्ये जाऊन तारीख आणि वेळ घाला. तारीख मागे राहिली तर वेबसाइटींची प्रमाणपत्रं नाकारली जातात, हिशेबाच्या नोंदी चुकीच्या दिवशी पडतात आणि माणूस पुन्हा दुकानात येतो. रॅमची चाचणी रात्रभर लावून ठेवा. यंत्र पूर्ण बंद करून, थंड होऊ देऊन, दुसऱ्या सकाळी पुन्हा चालू करा, कारण कपॅसिटरचे आणि सैल संपर्कांचे दोष थंड सुरुवातीलाच दिसतात. मालकाला बसवून घेऊन कामाच्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढा. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला आणि विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला, तेव्हा तसं यंत्र फक्त डोंगलच्या कामासाठी लागत असेल तर त्याची इंटरनेटची वायर काढून ठेवायला सांगा.

कॅबिनेटच्या आतल्या पत्र्यावर मार्करने तारीख घाला आणि काय बदललं ते लिहा, कुठली रॅम कुठल्या स्लॉटमध्ये, सेल कधीचा, एसएमपीएस कधीचा. पुढच्या वेळी तो कॅबिनेट दुसरं कोणी उघडेल, कदाचित दुसऱ्या गावात, आणि त्याला पहिल्या पायरीपासून सुरू करावं लागणार नाही.